चुन्याचे नंबर

मामा, आज सकाळी पुन्हा एक पाइप बसला नाही. तुमच्याखालोखाल हट्टी असं या घरात काही उरलं असेल तर ते हे लोखंड. वरचं भोक जुळलं की खाली बोटभर फट, खालचं जुळलं की वरचा बोल्ट आत जायला तयार नाही. बराच वेळ झटापट करून मी तो परत ढिगात टाकला आणि सवयीनं मागं वळून पाहिलं, आता तुम्ही कोणता टोमणा मारता म्हणून. तुमचं क्रेट तिथंच आहे, पालथं घातलेलं. त्यावर कुणी बसत नाही.

तुम्ही गेल्यापासून रोज कुणी ना कुणी भेटायला येतं. मामींपाशी बसून आधी डोळे पुसतात, मग चहा घेतात, आणि चहा घेता घेता सगळ्यांची नजर परसातल्या त्या सांगाड्यावर जाते. एखाददुसरी कमान उभी, बाकी सगळ्या जमिनीवर. मग सगळे एकच गोष्ट बोलतात, फक्त शब्द आपापले. गेल्या आठवड्यात तुमचे पाथरीचे चुलतभाऊ तात्या आले होते. कपबशी खाली ठेवत म्हणाले, "जावईबापू, आता आमाला फिकीर न्हाई. तुमी हाव ना. भाऊला लेक न्हवता, आता तुमीच लेक. हे पॉलीहाऊस पुरं करा, भाऊचा वेल लावा आन् इथंच ऱ्हावा."

मी मान हलवली. मान हलवणं हे घरजावयाचं मुख्य काम असतं, तुम्हाला काय सांगायचं. पण आतून जीव नुसता कोंडला. तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडता तरी येत होतं. गेलेल्या माणसाच्या इच्छेशी कुणी कसं भांडायचं? तिला उलट उत्तर दिलं की लोक आपल्याकडेच बघतात.

आम्ही महिन्याभरासाठी आलो होतो, मामा. हे मी तुम्हाला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता एकदा लिहून मोकळा होतो. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात वेळेवर थेंब घालायला माणूस हवं होतं, म्हणून तुमची एकुलती एक लेक सुनंदा परभणीतली आमची भाड्याची खोली सोडून माझ्यासकट पिंगळीला माहेरी आली. मी इथून रोज परभणीला चष्म्याच्या दुकानात जायचो, काचा घासायचो, फ्रेममध्ये बसवायचो, संध्याकाळी परत. तुमचा डोळा छान बरा झाला. चष्माही मीच बनवून दिला. पण आम्ही निघायचा विषय काढला की तुमचा दुसरा डोळा दुखायला लागायचा. खोलीचं भाडं उगाच कशाला म्हणून ती सोडली होतीच, ती मग दुसऱ्या कुणाला गेली. दुकानात गिऱ्हाईक नवा चष्मा नाकावर ठेवून आरशात बघता बघता मला विचारायचं, "सासुरवाडीलाच ऱ्हाता म्हणं?" मी म्हणायचो, दूरचं नीट दिसतंय का ते सांगा.

अशात नाशिकच्या माझ्या मित्रानं स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं आणि ते चालवायला मला बोलावलं. सुनंदा हरखून गेली. मी मात्र तुमच्यापुढे तो विषय कसा काढावा याचाच विचार करत होतो. शेवटी जेवण झाल्यावर बोललो. तुम्ही मांडीवर पानांचं ओलं फडकं उलगडून बसला होता. एकेक पान निवडून देठ खुडत होता आणि चेहऱ्यावर काहीच नाही. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "जा की. म्या कोण आडवणार? पण माझ्या पानाची सोय करून जा."

पानाची सोय म्हणजे काय, ते मला पुढच्या रविवारी कळलं. स्टेशनजवळचं तुमचं किराणा दुकान बंद केल्यापासून तुम्हाला दोनच कामं उरली होती, सकाळची पूजा आणि दिवसभर पान. बाजारातलं पान परभणीच्या उन्हात दुपारपर्यंत मान टाकतं, ही तुमची मोठी तक्रार. म्हणून परसात स्वतःचा नागवेल लावायचा. वेलाला सावली हवी, ओलावा हवा, म्हणून पॉलीहाऊस हवं. आणि ते झरीच्या एका शेतकऱ्याकडे जुनं, वापरलेलं मिळत होतं. मी म्हणालो, मामा, आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं घराबाहेर पडत नाहीत आणि तुम्ही परसात आणखी एक गरम घर बांधताय? तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलंत. "प्लास्टिक न्हाई टाकायचं, जाळी टाकायची. तुमाला चष्म्यातलं कळतं, वेलातलं न्हाई." मग आपला करार झाला. पॉलीहाऊस उभं राहायचं, वेल लागायचा, त्यातलं पहिलं पान तुम्ही खायचं आणि मग आम्ही नाशिकला जायचं. तुम्ही स्टेशनवर पोचवायलाही येणार होता.

झरीचं ते पॉलीहाऊस जरबेऱ्याच्या फुलांसाठी बांधलेलं होतं. वादळात त्याचं प्लास्टिक फाटलं, कमानी पिळवटल्या आणि त्या माणसानं फुलांचा नाद सोडून पुन्हा हळद लावली. आपण दोघांनी ते सोडवलं. सोडवलं म्हणजे मी घामाघूम होऊन बोल्ट काढले आणि तुम्ही बांधावर बसून सांगत होता. वादळानं प्रत्येक पाइपला वेगळा बाक दिला होता. एकाच्या जागी दुसरा जाणार नाही हे दिसतच होतं. मी म्हणालो, गावातून ऑइल पेंटचा डबा आणतो, नंबर घालू. तुम्ही म्हणालात, "रंग वाळस्तोवर सांज व्हईल." आणि कमरेची डबी काढून, बोट चुन्यात बुडवून पाइपवर एक, दोन, तीन घालत सुटलात. पान खाणाऱ्या माणसालाच अशी अक्कल सुचते. तुमच्या त्या पांढऱ्या बोटाचे ठसे घरातल्या प्रत्येक चौकटीवर होतेच, आता लोखंडावरही उमटले. मी हसलो. तुम्हीही हसलात. खरं सांगतो, त्या दिवशी मला तुम्ही आवडला होता.

ट्रॉलीतून सगळं परसात आणून ढीग लावला, वर ताडपत्री टाकली. खांबांसाठी खड्डे घ्यायला काही दिवस गेले. मधे पावसाच्या एकदोन सरी येऊन गेल्या. मग ताडपत्री काढली तर एकाही पाइपवर नंबर नाही. सगळे धुतल्यासारखे स्वच्छ. तुम्ही म्हणालात, "गेलं पावसात." मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "पण जावईबापू, ताडपत्रीखाली पाऊस कसा गेला आसंल हो?" आणि गालातल्या गालात हसलात.

मामा, त्या क्षणी मी मनात तुमच्या नावानं काय काय बोललो, ते आता लिहवत नाही. माझी खात्रीच झाली की हे तुमचं काम. पॉलीहाऊस उभं राहिलं की आम्ही जाणार. ते उभं राहू नये यात फायदा घरात एकाच माणसाचा होता. आणि वर पुन्हा मलाच विचारता, पाऊस कसा गेला म्हणून. मी रात्री सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "आण्णा असं करणार नाहीत." पण तिनंही ते फार ठामपणे म्हटलं नाही.

तिथून पुढं आपली ती सकाळची शिक्षा सुरू झाली. दुकानात जायच्या आधी मी पाइप उचलायचा, वर धरायचा, तुम्ही क्रेटवर बसून एक डोळा मिटून बघायचं आणि म्हणायचं, "न्हाई. दुसरा बगा." छोट्या फ्रेममध्ये काच बसवताना माझा हात कधी चुकत नाही, आणि इथं माणसाएवढ्या कमानी मला खेळवत होत्या. एखादी बसली तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणायचात, तिरकी आहे, काढा. स्टेशनात गाडी येऊन उभी राहायची, पुन्हा निघायची आणि मी हातात पाइप घेऊन तुमच्या समोर उभा. जाळी हिरवी घ्यायची की पांढरी, यावरून तर आपलं बोलणं बंद व्हायची वेळ आली. तुम्ही म्हणायचात, हिरव्या जाळीखाली माणूस आजारी दिसतो. मी म्हणायचो, आत वेल राहणार आहे, माणूस नाही. हा वाद तसाच राहिला. जाळी अजून आणलेलीच नाही.

मला सगळ्यात खटकायचं ते हे, की तुम्हाला राग येत नव्हता. बोल्ट वाकडा गेला म्हणून जग डोक्यावर घेणारा माणूस पाइपमागून पाइप चुकला तरी नुसता पान लावत बसायचा. "सबुरी ठिवा. कुटं जायचंय आपल्याला?" हे 'आपल्याला' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उलट तुम्ही दिवसेंदिवस मऊ होत चालला होता. भाकरीचा पापुद्रा आजवर तुमच्या ताटात पडायचा, तो तुम्ही उचलून माझ्या ताटात ठेवायला लागलात. तुम्ही कधी दुसऱ्याला पान लावून दिलं नव्हतं, मामी सांगतात, स्वतःच्या भावालाही नाही. मला द्यायला लागलात. एकदा माझी जीभ भाजली तर तेव्हापासून माझ्या पानाला चुना अगदी नखभर. चहाच्या टपरीवर तुम्ही लोकांना सांगितल्याचं माझ्या कानावर आलं, "आमच्या जावयाला कसली घाई न्हाई." मी ते सगळं लाच म्हणून खाल्लं. पापुद्रा खाल्ला, पान खाल्लं आणि मनात म्हटलं, म्हातारा पक्का आहे.

त्या सकाळी मी पाइप दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होतो. पाठ तुमच्याकडे होती. विचारलं, "बराबर आहे का?" तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं तोंडात पान आहे, थुंकून सांगतील. पुन्हा विचारलं. हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, आणि मला वाटलं हा माणूस आज मुद्दाम छळतोय. मीही ठरवलं, बघू कोण आधी हार मानतं. तसाच उभा राहिलो. शेवटी मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांच्या हातून तो पडला, तेव्हा मी वळलो. तुम्ही क्रेटवर बसलेलेच होता, पाठ खांबाला टेकून, तोंडात पान तसंच. मी किती वेळ त्या पाइपाला धरून तुमच्यावर चिडत होतो आणि त्यातला किती वेळ तुम्ही नव्हताच, हे मला कधीच कळणार नाही.

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात आणि बसवूनच पुरतात. तुम्हाला भिंतीशी बसवलं, कपाळाला भस्म लावलं, गळ्यात हार घातला. रोजच्या पूजेतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवलं. सुनंदानं चष्मा आणून तुमच्या डोळ्यांवर चढवला, कारण त्याशिवाय तुम्ही तुम्ही वाटत नव्हता. तो सारखा घसरून नाकाच्या शेंड्यावर येत होता. बायका रडत होत्या, मंडळी भजन म्हणत होती आणि मला त्या चष्म्याशिवाय काही दिसेना. माझ्या खिशात दुकानातला बारका स्क्रूड्रायव्हर असतोच. मी पुढं झालो, चष्मा काढला, स्क्रू आवळला, काडी कानामागं थोडी वाकवली आणि परत चढवला. मग तो बसला. न्यायच्या वेळी विधी करणारे स्वामी म्हणाले, चष्मा काढून घ्या. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आता कुणाला लागायलाय?" ओढ्याकडेच्या आपल्या समाजाच्या जागेत तुम्ही तसेच बसला आहात, चष्म्यासकट. चांगला बसवला आहे, मामा. घसरणार नाही.

त्यानंतर पडवीत चहा घेणारी ती माणसं आणि त्यांचं ते 'आता तुमीच'. मित्राचा फोन आला, दुकानाची जागा तयार आहे, कधी येतोस? मी म्हणालो, कळवतो. सुनंदा भाजी निवडत म्हणाली, "आईला एकटीला सोडून कसं जायचं?" मी म्हणालो, आईला विचारूया. ती म्हणाली, "हे काय विचारायचं असतं?" खरंच, विचारायचं नसतं. मामींना कुणीच काही विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे बघून बघून आम्ही दोघांनी आपल्या पायांत आपणच बेडी घातली आणि पुन्हा एकमेकांवर चिडत राहिलो.

तात्या भेटून पाथरीला परत गेले त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा परसात पाइप लावून बघत होतो. मामी आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"कशाला झटायलाव?"

"मामांची इच्छा होती."

"व्हय. इच्छा त्यांचीच आसायची." थोडा वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते नंबर म्या पुसले व्हते."

मी पाइप खाली ठेवला.

"तुमी दुकानात गेल्ता, ते टपरीवर गेल्ते. ताडपत्री उचलली आन् वल्ल्या फडक्यानं पुसून काढले."

"कामून, मामी?" माझ्याही तोंडून तुमच्या घरचंच मराठी निघालं.

"वेल लागला की त्याला रोज पाणी. उनाळ्यात दोनदा. पान खाणार ते आन् पाणी घालणार म्या. लगीन झाल्यापासून त्यांच्या पूजेचं पाणी, आंगुळीचं पाणी, पानावर शिपडायचं पाणी. आनखी एक मागं लावून घिऊ का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तांदूळ निवडताना बोलतात तशा बोलत होत्या. "आन् तुमी नाशिकला कवा जायलाव?"

"तुम्हाला एकटं टाकून कसं जायचं?"

"एकटं कामून? म्या बी येते की. तिथं आंगण नसतंय म्हणं. बेस झालं, सारवायचं काम न्हाई. नळाला पाणी येतंय ना?" स्टेशनाकडे मान वळवून म्हणाल्या, "सारी जिंदगी टेशनाम्होरं गेली. गाडी निस्ती ऐकली."

मी म्हणालो, "मामी, मला वाटायचं नंबर मामांनीच पुसलेत. आम्ही जाऊ नये म्हणून."

"त्यांनी?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या. "त्यांना तर वाटायचं तुमीच पुसले. मला म्हणायचे, जावयाला जायाचं न्हाई गं. नंबर पुसून टाकलेत त्यानं, हे उभंच ऱ्हाऊ न्हाई म्हणून. तोंडानं बोलत न्हाई, पण जीव हाय त्याचा इथं. लय खूश आसायचे. मग म्या कशाला सांगू?"

मामा, तेव्हापासून मी तुमचं सगळं वागणं पुन्हा पहिल्यापासून बघतोय. ताडपत्रीखाली पाऊस कसा गेला, हे तुम्ही स्वतःला लपवायला विचारलं नव्हतं. तुम्ही मला पकडलं होतं, आणि पकडून मोठ्या मनानं सोडून दिलं होतं. तो पापुद्रा लाच नव्हता. नखभर चुन्याचं ते पान लाच नव्हतं. 'कुटं जायचंय आपल्याला' हे तुम्ही मला डिवचायला म्हणत नव्हता, तुम्हाला वाटत होतं की आपण दोघं मिळून एक लबाडी करतोय आणि ती दोघांनाही गोड लागतेय. बसलेली कमान तुम्ही तिरकी म्हणून काढायला लावायचात, ते तुमच्या हिशेबी माझ्यासाठी होतं. आणि मी मात्र प्रत्येक पाइप खरोखर बसवायला बघत होतो.

मला तुमचा राग यायला हवा. इतका साधा गैरसमज मनात घेऊन इतके दिवस सुखानं जगलात आणि सुखानं गेलात. एकदा विचारलं असतंत तर मी फाडकन सांगितलं असतं, की नाही, मी नाही पुसले, मला जायचंय. पण तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. माझ्या तोंडून ते ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता, ते बघायची वेळ माझ्यावर आली नाही. माझ्या बापानंही मला इतकं चांगलं समजून घेतलं नव्हतं, मामा. चुकीचं समजून घेतलंत, पण चांगलं.

आता मला अडवणारं कुणी नाही. मामींनी पत्र्याची पेटी काढून उन्हात ठेवली आहे. नाशिकला थंडी असते म्हणून जुनी शाल झटकून घेतली आहे. तात्यांना त्यांनीच फोनवर सांगून टाकलं, "म्या लेकीकडं चालले." सुनंदा तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. परसातलं लोखंड कुणाला द्यायचं ते द्या, असं मामी म्हणतात. तरी मी सकाळी उठून एखादा पाइप लावून बघतोच. आज नाही बसला, उद्या दुसरा बघेन.

फक्त मित्राला फोन करून तारीख कळवायची राहिली आहे. सुनंदा सकाळी विचारते, केला का? मी म्हणतो, दुकानात गेल्यावर करतो. दुकानात गिऱ्हाईक असतं, म्हणून म्हणतो, घरी गेल्यावर करू. मामी काही विचारत नाहीत. नुसत्या बघतात.

मामा, मी ते नंबर पुसले नव्हते. हे तुम्हाला एकदा स्पष्ट सांगायचं, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. मी पुसले नव्हते. पण फोनही मी अजून केलेला नाही.